हें चित्र कशाचें?

कोणाच्याही घरीं गेलें आणि यजमानांनीं फोटोंचा संग्रह पुढें ठेवला, म्हणजे पाहुण्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात : "हे कोण?" आणि "हें ठिकाण कोणतें?" उत्तरें मिळालीं कीं पान उलटतें. आजोबांची पगडी, मुंजींतला बटु, काशीयात्रेहून परतल्यावर दारांत उभ्या केलेल्या साऱ्या कुटुंबाची रांग, या चित्रांच्या बाबतींत तें यथायोग्यच आहे. परंतु समजा, त्याच संग्रहांत एक पान असें निघालें कीं, ज्यावर माणूस नाहीं, देऊळ नाहीं, झाड नाहीं कीं डोंगर नाहीं. काळ्याभोर पटावर नुसत्या उजेडाच्या दुमडी पडल्या आहेत. कोठें त्या रेशमी पदराच्या चुण्यांसारख्या आहेत, कोठें माशाच्या शेपटीसारख्या दुभंगल्या आहेत, आणि त्यांच्या कडेला तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांची बारीक किनार आहे. अशा वेळीं पाहुणे विचारतील, "हें चित्र कशाचें?" आणि यजमान बहुधा संकोचून म्हणतील, "कशाचेंच नाहीं; मुलांनीं उगीच कांहीं तरी काढलें आहे."

प्रस्तुत लेखाचा विषय एवढा एकच प्रश्न आहे. कांचेंतून वांकून आलेल्या उजेडाचीं अशीं छायाचित्रें काढण्याचा प्रकार पश्चिमेकडे शंभर वर्षांपासून चालत आलेला आहे, आणि आतां प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आल्यामुळें आपल्याकडेही तो कोणाच्याही आवांक्यांत आहे. या चित्रांना 'अमूर्त' असें नांव पडलें आहे. आमचें म्हणणें असें कीं, हें नांव त्यांना पुरतेंपणीं शोभत नाहीं. तीं चित्रें निश्चितपणें कशाचीं तरी असतात, आणि आज घरोघर काढल्या जाणाऱ्या पुष्कळ चेहऱ्यांच्या फोटोंपेक्षां तीं अधिक सत्यवादी असतात. हें पटवून देण्यासाठीं वाचकांस आमच्याबरोबर थोडी वाट चालावी लागेल. आणि ती वाट आमच्या राजापेठेंतल्याच एका अंधाऱ्या खोलींतून निघते.

वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे त्यांना या खोलीचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळूं लागला म्हणजे, परकोटाबाहेर बडनेऱ्याच्या वाटेवर वसलेल्या राजापेठेंत काय किंवा अकोल्याच्या जुन्या वस्तींत काय, सकाळचे दहा वाजण्याच्या आंत दारें-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. पूर्वीं वाळ्याच्या ताट्या भिजवीत, आतां त्यांची जागा कूलरनें घेतली आहे. पण दुपारचा तो मुद्दाम केलेला अंधार कायम आहे. अशा वेळीं झडपेच्या एखाद्या फटींतून उन्हाची तिरीप आंत शिरते आणि तिच्यांत धुळीचे कण नाचतांना दिसतात. फटीच्या ऐवजीं बारीक भोंक असलें, तर समोरच्या भिंतीवर रस्त्यानें जाणारी सायकल चाकें वर करून, उलटी, सरकत जातांना दिसते. लॅटिन भाषेंत 'कॅमेरा' या शब्दाचा अर्थच मुळीं खोली असा आहे. भिंतीवर अशी उलटी प्रतिमा पाडणाऱ्या अंधाऱ्या खोलीला युरोपांत 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणत. तिचीच पुढें लहान पेटी झाली आणि त्या पेटीचा आजचा कॅमेरा झाला. तेव्हां वऱ्हाडांतलें घर दर उन्हाळ्यांत दुपारपुरतें कॅमेरा बनतें, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

अशीच एक खोली सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं न्यूटननें मुद्दाम अंधारी केली होती. १६६६ सालीं त्यानें एक लोलक मिळविला, झडपेला लहानसें भोंक पाडलें, आणि आंत आलेल्या तिरिपेच्या वाटेंत तो लोलक धरला. पलीकडच्या भिंतीवर रंगांचा लांबट पट्टा पडला. पांढऱ्या उजेडांत सारे रंग आधींपासूनच असतात, कांच ते रंगवीत नाहीं, नुसते वेगळे करते, हा सिद्धान्त त्यांतून निघाला. लोलक हा आमचा शब्दही पाहण्याजोगा आहे. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत हंड्या-झुंबरें लागत. त्या झुंबरांना लोंबणारा कांचेचा पैलूदार तुकडा तो लोलक. शाळेच्या पुस्तकांनीं तोच शब्द उचलून शास्त्राच्या कामाला लावला. न्यूटनचें मुख्य उपकरण आमच्या दिवाणखान्यांत शोभेसाठीं टांगलेलें होतें आणि त्याची खोली आमच्या उन्हाळ्यानें तयार केलेली होती; हें लक्षांत घेतां, या विषयाची ओळख परक्याच्या घरीं जाऊन करून घ्यावयाची आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

आतां उजेड वांकतो म्हणजे काय होतें तें पाहूं. प्रकाश निर्वातांत सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवतो. पाण्यांत त्याचा वेग सव्वादोन लक्षांवर येतो आणि साध्या कांचेंत सुमारें दोन लक्षांवर. या मंदावण्यामुळेंच तो वळतो. एखादा छकडा पक्क्या सडकेवरून तिरका होऊन वावरांतल्या काळ्या मातींत उतरला, तर जें चाक आधीं मातींत शिरतें तें मंदावतें, दुसरें सडकेवर पूर्वीच्याच वेगानें पुढें जातें, आणि गाडीचें तोंड आपोआप वळतें. प्रकाशाचें तसेंच आहे. कांचेवर सरळ उभा पडलेला किरण न वळतां आंत जातो. तिरका पडलेला वळतो. उभ्या रेषेशीं साठ अंशांचा कोन करून आलेला किरण साध्या कांचेंत शिरला कीं त्याचा कोन सुमारें पस्तीस अंशांचा होतो. हा नियम हॉलंडच्या स्नेलनें १६२१ च्या सुमारास बसविला म्हणून त्याच्या नांवानें ओळखला जातो. परंतु त्यापूर्वीं सहा शतकांहून अधिक काळ आधीं, इ. स. ९८४ च्या सुमारास, बगदादच्या इब्न सहलनेंही तो मांडलेला होता. आणखी एक गोष्ट अशी कीं, सगळे रंग सारखे वळत नाहींत. साध्या कांचेचा वक्रीभवनांक तांबड्या रंगासाठीं सुमारें १.५१, तर जांभळ्यासाठीं सुमारें १.५३ असतो. फरक एवढासाच, पण आपल्या चित्रांतली ती रंगीत किनार या एवढ्याशा फरकाची आहे.

येथें एक शंका येईल. उजेड कांचेंतून वांकतो, तर खिडकीच्या तावदानांतून आलेलें ऊन जमिनीवर सरळ चौकोनी कां पडतें? याचें उत्तर असें कीं, तावदानाच्या दोन्ही बाजू समांतर असतात. आंत शिरतांना किरण जेवढा वळतो, बाहेर पडतांना तेवढाच उलट वळतो; तो किंचित् बाजूला सरकतो, पण त्याची दिशा पूर्वीचीच राहते. जाड बुडाचा पेला, अत्तराची बाटली, लोलक, किंवा पाण्यानें भरलेला तांब्याच्या घाटाचा कांचेचा चंबू, यांच्या बाजू समांतर नसतात. तेथें प्रत्येक किरण आपापल्या ठिकाणच्या उतारानुसार वेगळा वळतो, एकमेकांना छेदतो, आणि कांहीं जागीं किरणांची गर्दी होते. ही गर्दी म्हणजेच आपल्या चित्रांतली उजळ रेषा होय. कांच नवा उजेड निर्माण करीत नाहीं; ती एका जागचा उजेड काढून दुसऱ्या जागीं नेऊन ठेवते. म्हणूनच पेल्याची सांवली नीट पाहिली तर तिच्या पोटांत लखलखीत रेषा आणि त्या रेषेला लागूनच गडद काळोख, असें जोडीनें आढळतें. एकीकडे जमा, तेवढाच दुसरीकडे खर्च. हा हिशोब कधीं चुकत नाहीं.

किरणांच्या अशा गर्दीला पाश्चात्त्य शास्त्रज्ञ 'कॉस्टिक' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ दाहक असा आहे, आणि भिंगानें कापूस पेटविणाऱ्या कोणाही मुलास तो समजावून सांगावा लागत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील ब्रिस्टल विद्यापीठाच्या मायकेल बेरी व जॉन नाय या दोघांनीं या आकारांचा खोल अभ्यास केला. कागदावर पडणारे हे आकार दिसण्यांत कितीही निरनिराळे असले, तरी त्यांची घडण मुख्यतः दोनच गोष्टींची असते असें दिसून येतें : एक दुमड आणि दुसरें टोंक. कांच थोडी हलविली तर दुमडी सरकतात, टोंकें जवळ येतात किंवा दुरावतात. पण सहसा मोडत नाहींत. टोंक पाहावयाचें असेल तर दिव्याखालीं ठेवलेल्या चहाच्या कपांत पाहावें. चहाच्या पृष्ठभागावर दोन वांकड्या उजळ रेषा एकत्र येऊन जो कोन होतो तें हेंच टोंक. तेथें उजेड कपाच्या भिंतीवरून परावर्तित झालेला असतो, कांचेंतून वांकलेला नसतो. पण गर्दीचा कायदा दोन्हीकडे एकच आहे. दुपारच्या चहाच्या वेळीं आपण रोज ज्याच्याकडे पाहतों आणि जें कधीं पाहत नाहीं, त्यांत हें एक आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हें चित्र कशाचें? वरील विवेचनावरून उत्तर दिसूं लागलें असेल. रेषा कोठें पडावी, किती जाड असावी, कोठें दुभंगावी, हें सारें कांचेच्या पृष्ठभागाच्या चढउतारांनीं ठरतें. बोटाला न लागणारा उंचवटा, डोळ्याला न दिसणारी रेघ, आंत अडकलेला बुडबुडा, यांतली प्रत्येक गोष्ट कागदावर मोठी होऊन उमटते. बुडबुड्याच्या जागीं काळा ठिपका पडतो आणि त्याच्याभोंवतीं उजळ कडें दिसतें. म्हणजे हें त्या विशिष्ट कांचेचेंच चित्र आहे, आणि तेंही असें कीं, कांचेकडे थेट पाहून जें कधीं दिसलें नसतें तें त्यांत दिसतें. एकाच सांच्यांतल्या सहा पेल्यांचीं सहा चित्रें घ्या. तीं एकमेकांशीं जुळणार नाहींत. पेला आपली सही करतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यांतली मौज अशी कीं, ही सही दोषांची असते. निर्दोष सपाट कांच कांहींच लिहीत नाहीं. पिल्किंग्टन या इंग्रजी कारखान्यांत वितळलेल्या कथलावर कांचेचा रस तरंगत ठेवून ती सपाट करण्याची कृति निघाली आणि १९५९ सालीं ती जाहीर झाली. आज बाजारांत मिळणारीं तावदानें बहुतेक याच पद्धतीचीं असतात. तीं स्वच्छ, सरळ, कामाला उत्तम; पण त्यांतून आलेलें ऊन जमिनीवर कोऱ्या कागदासारखें पडतें. जुन्या वाड्याच्या खिडकींतल्या ओबडधोबड कांचेतून आलेलें ऊन मात्र फरशीवर लहरी काढीत असे, आणि सूर्य सरके तशा त्या लहरीही सरकत. ज्यांचें बालपण अशा वाड्यांत गेलें त्यांना तें आठवत असेल.

या संदर्भांत आमच्या स्वदेशी कांचेची आठवण करणें अप्रस्तुत होणार नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं दर माणशीं एक पैसा या मानानें गोळा केलेल्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. जपानांत व अमेरिकेंत ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे आरंभींचे सूत्रधार होते. पुढें १९१६ सालीं ओगले बंधूंनीं औंध संस्थानच्या आश्रयानें कराडजवळ आपला कारखाना उभारला. ती जागा ओगलेवाडी म्हणूनच प्रसिद्धीस आली आणि तेथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रांत घरोघर पोंचला. तो कारखाना कालांतरानें बंद पडला. हातानें फुंकलेल्या कांचेंत बुडबुडे व रेघा राहतातच, मग ती कोठलीही असो. आणि परदेशी मालाशीं तुलना करणारे लोक त्या काळीं बुडबुड्यांवरच बोट ठेवीत. आज त्या काळचें एखादें भांडें, बरणी किंवा कंदिलाची कांच आपल्या माळ्यावर असेल, तर ती तिरिपेंत धरून पाहावी. ज्या फुंकणाऱ्या कारागिराचें नांव कोणत्याही वहींत नाहीं, त्याच्या फुंकरीचा चढउतार, त्याच्या हाताचा झोल, आज शंभर वर्षांनींही कागदावर उमटतो. दोष म्हणून ज्याचा हिशोब झाला, तेंच त्या कारागिराचें मागें उरलेलें हस्ताक्षर आहे.

कॅमेऱ्यानें या उजेडाकडे वळण्याचा इतिहासही मनोरंजक आहे. आल्विन लँगडन कोबर्न या मूळच्या अमेरिकन पण लंडनवासी छायाचित्रकारानें १९१६-१७ च्या हिवाळ्यांत तीन आरसे त्रिकोणांत बांधून कॅमेऱ्यापुढें बसविले, आणि कांचेच्या टेबलावर स्फटिकांचे व लांकडाचे तुकडे मांडून त्यांचीं चित्रें घेतलीं. तीं १९१७ च्या फेब्रुवारींत लंडनच्या कॅमेरा क्लबांत मांडलीं गेलीं. छायाचित्रणाच्या इतिहासांत बुद्ध्या काढलेल्या पहिल्या अमूर्त छायाचित्रांत त्यांची गणना होते, आणि 'व्होर्टोग्राफ' हें त्यांचें नांव आहे. तीन आरसे आणि कांचेचे तुकडे, एवढें वाचतांच आमच्या वाचकांस शोभादर्शक आठवल्यावांचून राहणार नाहीं! स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरनें १८१६ सालीं शोधलेलें हें खेळणें आमच्या मुलांनीं पिढ्यान् पिढ्या फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांवर चालविलें. लंडनच्या रसिकांनीं ज्याकडे चकित होऊन पाहिलें त्याचा पूर्वज आमच्या ओसरीवर लोळत होता. उणीव होती ती त्यांत दिसलेलें चित्र टिकवून ठेवण्याची.

कोबर्ननंतर थोड्याच वर्षांत, १९२२ च्या सुमारास, पॅरिसमध्यें मॅन रे आणि जर्मनींत मोहोली-नॉज यांनीं कॅमेराच बाजूस सारला. प्रकाशानें काळ्या पडणाऱ्या कागदावर वस्तु ठेवून, त्यांत कांचेच्याही वस्तु आल्या, वरून उजेड सोडावयाचा आणि जें उमटेल तें चित्र, अशी ही रीत. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या विन बुलॉकनें १९५९ नंतरच्या कांहीं वर्षांत कांच व तिच्यांतून जाणारा उजेड यांचीं रंगीत पारदर्शक चित्रें काढलीं. १९७५ सालीं तो निवर्तला. त्याच्या हयातींत हीं चित्रें फारशीं लोकांपुढें आलीं नाहींत. अलीकडे कांहीं छायाचित्रकार कॅमेऱ्याचें भिंगच काढून ठेवतात आणि कांचेंतून वांकलेला उजेड सरळ फिल्मवर पाडतात. मध्यें दुसरी कांच नको, जी बोलावयाची ती एकच कांच बोलूं दे, हा त्यांचा हेतु.

आपल्याकडे वस्तूपेक्षां उजेडाकडे पाहणारी दृष्टि ज्यांना लाभली, त्यांत नसरीन मोहम्मदी यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. १९३७ सालीं कराचीस जन्मलेल्या, मुंबईंत वाढलेल्या आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत कला शिकविणाऱ्या या बाईंची कीर्ति मुख्यतः त्यांच्या रेषाचित्रांवर उभी आहे. कॅमेराही त्यांच्या हातीं असे. समुद्रकांठची वाळू, पाण्याची कड, इमारतींच्या भिंती व फरसबंदी यांवरच्या उजेड-सांवलीच्या रेषा त्यांनीं टिपल्या. पण हीं छायाचित्रें त्यांनीं हयातींत कधीं प्रदर्शनांत मांडलीं नाहींत. १९९० सालीं अलिबागजवळ किहीम येथें त्यांचा अंत झाला आणि त्यानंतर जगानें तीं पाहिलीं. त्यांचे ज्येष्ठ स्नेही, चित्रकार वासुदेव गायतोंडे, हे १९२४ सालीं आमच्या शेजारच्या नागपुरांत जन्मलेले. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षां वस्तुनिरपेक्ष म्हणणें त्यांस अधिक पसंत असे. चित्रकाराला ही मोकळीक आहे. त्याचा रंग वस्तूची पर्वा केल्यावांचून पटावर बसूं शकतो. कॅमेऱ्याला ती मोकळीक नाहीं. उजेड कोठून तरी यावा लागतो, कशांतून तरी जावा लागतो, कशावर तरी पडावा लागतो. म्हणूनच कांचेच्या उजेडाचें छायाचित्र दिसावयास कितीही अमूर्त असलें, तरी तें वस्तूला चिकटलेलेंच राहतें.

एकत्र कुटुंबांतले वडीलधारे येथें विचारतील कीं, हें सर्व खरें धरलें तरी त्याचा उपयोग काय? फोटो काढावयाचा तर माणसांचा काढावा. माणसें जातात, फोटो राहतो. या म्हणण्याचें वजन आम्ही जाणतों. परंतु अलीकडे फोटोच्या त्या जुन्या साक्षीला तडा गेला आहे, हेंही त्यांनीं लक्षांत घ्यावें. आज संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या कीं तो कधीं न भरलेल्या सभेचा फोटो काढून देतो, कधीं न जन्मलेल्या माणसाचा चेहरा दाखवितो, आणि हयात माणसाच्या तोंडीं त्यानें न उच्चारलेले शब्द घालतो. "हे कोण?" या प्रश्नाला संग्रहाच्या पानावरून निःशंकपणें उत्तर देण्याचे दिवस संपत चालले आहेत. आमचीं नातवंडें जेव्हां पणजोबांचा फोटो पाहतील, तेव्हां तो खरा कीं केलेला, असा संशय त्यांना येणारच नाहीं असें कोण सांगूं शकेल?

संगणक उजेडाच्या दुमडीही रंगवूं शकतो, आणि हुबेहूब रंगवतो. फरक एवढाच कीं, त्याच्या दुमडीमागें कांच नसते. आपल्या चित्रामागचा पेला फडताळांत आहे. ज्याला संशय असेल त्यानें तो काढावा, त्याच खिडकींत, त्याच जागीं ठेवावा आणि सूर्य त्याच स्थानीं येण्याची वाट पाहावी. कागदावर तीच रेषा, तेंच टोंक पुन्हां उभें राहील. सूर्य वर्षांतून दोनदां त्याच वाटेनें जातो, तेव्हां चैत्रांत काढलेल्या चित्राची साक्ष भाद्रपदाच्या सुमारासही फिरून घेतां येते. कोणत्याही लग्नाच्या फोटोची अशी फेरतपासणी करतां येत नाहीं.

ही साक्ष किती तंतोतंत असते याचें एक प्रमाण स्वित्झर्लंडांतून आलें आहे. लोझान येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं उलटा हिशोब मांडला : अमुक चित्र उमटावयाचें तर पारदर्शक पट्टीचा पृष्ठभाग कसा असावा? त्याप्रमाणें पट्टी कोरून ती उजेडांत धरतांच समोर गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांचा चेहरा उमटला. पट्टीकडे नुसतें पाहिलें तर तींत चेहऱ्याचा मागमूसही नाहीं. हलक्या लाटा तेवढ्या आहेत. लाटांवरून चेहरा निघतो, तर आमच्या बरणीच्या दुमडींवरून बरणीचा पृष्ठभाग कां निघूं नये? चित्र अमूर्त नाहीं. आपल्याला तें वाचतां येत नाहीं, एवढेंच.

हा प्रयोग घरीं करूं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं, आणि विशेषतः सुट्टींत मुलांना काय काम द्यावें या विवंचनेंत असलेल्या वाचकभगिनींसाठीं, थोडी कृति देतों. सकाळीं आठच्या सुमारास किंवा संध्याकाळीं पांचनंतर, सूर्य खालीं असतांना, पूर्वेची वा पश्चिमेची खिडकी निवडावी. झडप बहुतेक लावून हातभर रुंदीची तिरीप आंत घ्यावी. तिच्या वाटेंत पाटावर पांढरा कागद पसरून त्यावर जाड बुडाचा पेला, सरबताची बाटली, कांचेचें वजन किंवा झुंबराचा लोलक ठेवावा. पेल्यांत आधीं पाणी नसावें; मग अर्धा भरावा; मग पूर्ण. प्रत्येक वेळीं चित्र पालटतें. कांच एकदम न फिरवितां बोटाच्या पेराएवढी फिरवावी आणि थांबावें. मोबाईलचा कॅमेरा वापरल्यास फ्लॅश बंद ठेवावा, भिंगाची नजर कागदावर स्थिर करावी, आणि पडद्यावर उजेडाचें मान कमी करावें. कारण काळोख पाहून यंत्र आपण होऊन चित्र उजळतें आणि दुमडींचा नाजूकपणा नाहींसा होतो. रंगांत मागाहून फेरफार करूं नये. तसें केलें तर साक्षीचें मोल गेलें.

दोन सूचना मात्र कडक आहेत. भिंगांतून, बाटलींतून किंवा कॅमेऱ्यांतून सूर्याकडे कधींही पाहूं नये व मुलांना पाहूं देऊं नये. डोळ्याची इजा कायमची असते. आणि पाण्यानें भरलेली गोल बाटली किंवा कांचेचा गोळा उन्हाच्या खिडकींत तसाच विसरून जाऊं नये. उजेडाची गर्दी जेथें होते तेथें उष्णतेचीही होते, आणि वऱ्हाडच्या उन्हाला पडदा पेटविण्यास फार वेळ लागत नाहीं. कॉस्टिक म्हणजे दाहक, हें विसरतां कामा नये.

चित्र निघाल्यावर त्याखालीं तीन गोष्टी लिहून ठेवाव्या : कांच कोणती, खिडकी कोणती, तारीख व वेळ काय. या एका ओळीनें तें चित्र घरच्या इतिहासांत जमा होतें. राजापेठेंत आज एकामागून एक जुने वाडे उतरत आहेत आणि त्यांच्या जागीं मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. कुटुंबें वाढलीं, वांटण्या झाल्या, लांकूड किडलें. कोणाला दोष द्यावा असें त्यांत नाहीं. वाडा उतरवितांना सागाच्या तुळयांना भाव येतो, पितळी कड्यांना येतो, कोरीव खांबांना तर दुरून गिऱ्हाइकें येतात. तावदानांना भाव नाहीं. तीं मातीबरोबर फुटून जातात. ज्यांच्या घरीं हा प्रसंग येऊं घातला असेल त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, वरची कौलें काढण्यापूर्वीं एका सकाळीं माजघराची झडप लावून घ्यावी, जुन्या तावदानांतून, आजीच्या बरणींतून, दिवाणखान्यांतल्या एखाद्या उरलेल्या लोलकांतून येणारा उजेड कागदावर पाडावा आणि त्याचें चित्र घ्यावें. शक्य झाल्यास एक तावदान जुन्या साडींत गुंडाळून नव्या घरीं न्यावें. संग्रहांत आजोबांच्या पगडीशेजारीं तें पान लावावें. मग पाहुण्यांनीं "हें चित्र कशाचें?" म्हणून विचारलें, तर खालची ओळ वाचून दाखवावी : माजघराची पूर्वेची खिडकी, वरून दुसरें तावदान, चैत्र शुद्ध नवमी, सकाळीं साडेआठ.